पेडलचं किट आणि पहिलं सोल्डरिंग: कुठे चुकतं, का चुकतं

खटपट्या (धागाकर्ता)

"सोल्डरिंग येत नाही, पण गिटारचा पेडल स्वतः बांधायचाय, कोणतं किट घेऊ?" हा प्रश्न इथे सारखा येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझं मत: पहिलं किट एलपीबी-१ जातीच्या बूस्टरचं (गिटारचा सिग्नल वाढवणाऱ्या पेडलचं) घ्या. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या साठच्या दशकाच्या शेवटच्या 'लिनियर पॉवर बूस्टर'चं हे सर्किट आहे. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि एक पॉट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर), एवढाच संसार. बोर्डावर जेमतेम १८ जॉइंट (सोल्डरचे जोड). बिघडलंच तर मल्टिमीटरने पाच मिनिटांत सापडतं. पहिल्याच फटक्यात डिले किंवा कोरस घेतला तर शंभराहून जास्त जॉइंट होतात, आणि त्यातला कोणता कच्चा राहिला ते नवशिक्याला शोधता येत नाही.

पार्टच्या व्हॅल्यू अशा (बेस, कलेक्टर, एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय; 'के' म्हणजे किलोओहम): बॅटरीकडून बेसला ४३० के, बेसकडून ग्राउंडला ४३ के, कलेक्टरला १० के, एमिटरला ३९० ओहम. आत जाताना ०.१ मायक्रोफॅरड, बाहेर येताना ०.१ मायक्रोफॅरड, व्हॉल्यूमला १०० के चा पॉट. ट्रान्झिस्टर बहुधा २एन५०८८. दुकानात ४३० आणि ४३ मिळत नाहीत, तिथे ४७० के आणि ४७ के घाला. दोघांचं गुणोत्तर तेच राहतं, त्यामुळे बेसवरचं व्होल्टेज जवळपास हलत नाही.

हत्यारं:
- सोल्डरिंग आयर्न. तापमान ठरवता येणारं असेल तर उत्तम, नाहीतर २५ वॅटचं साधं. १०० वॅटचं नको.
- सोल्डर वायर ६०/४० किंवा ६३/३७ (टक्के कथील/शिसं), आत रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी राळ) असलेली, ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीची. दुकानदाराला '२२ गेज' म्हटलं की कळतं. दीड मिलिमीटरची जाड वायर घेतली की प्रत्येक पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या चकतीवर) गोळा होतो.
- साइड कटर, डिसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर खेचणारा), डिसोल्डर विक (ते शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी), मल्टिमीटर.

आता मुख्य गोष्ट. टिपवर सोल्डर वितळवून ते जॉइंटवर 'लावायचं' नसतं. तापवायचा जॉइंट, आणि सोल्डर वितळायला हवं ते जॉइंटच्या उष्णतेने. टिप एकाच वेळी पॅडलाही टेकवा आणि पार्टच्या पायालाही. साधारण एक सेकंद थांबा. मग समोरच्या बाजूने वायर द्या, दोन-तीन मिलिमीटर पुरते. सोल्डर पॅडभर पसरलं की आधी वायर काढा, नंतर टिप. सगळं मिळून तीन सेकंद. पार्ट अजिबात हलवू नका. गार होताना हलला की कण मोडतात आणि जॉइंट वरून बरा दिसला तरी आतून तडकलेला राहतो.

चांगला जॉइंट तंबूच्या कापडासारखा दिसतो, पायाकडून पॅडकडे आत वळत उतरणारा. साबुदाण्यासारखा फुगीर गोळा दिसला तर सोल्डर फक्त पायाला धरलंय, पॅडला नाही.

पार्ट लावण्याचा क्रम ठेंगण्यापासून उंचाकडे: रेझिस्टर, डायोड, आयसीचं सॉकेट असल्यास ते, मग कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, शेवटी इलेक्ट्रोलिटिक. उलटा क्रम धरला तर बोर्ड पालथा केल्यावर ठेंगणे पार्ट खाली पडतात.

---

पाचवी_फ्रेट

उत्तम धागा! एक शंका. दोन पिनांचं २५ वॅटचं आयर्न आहे. पहिले सात-आठ जॉइंट बरे होतात, मग टिप काळी पडते आणि सोल्डर तिला चिकटतच नाही, गोळी होऊन खाली पडतं. कानशीने घासून पाहिली तर थोडा वेळ चालते आणि पुन्हा तेच. वॅट कमी पडतात का?

---

तांब्याची_तार

वॅटचा दोष नाही, कानशीचा आहे. पाचवी_फ्रेट, ती आधी पेटीत ठेवा.

आजकालच्या बहुतेक टिपांमध्ये तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. कानशीने तो गेला की उघडं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टिपला खड्डे पडतात. अशी टिप पुन्हा नीट होत नाही, नवी घ्यायची. (जुन्या पद्धतीच्या निव्वळ तांब्याच्या बिटला मात्र कानस चालते, उलट अधूनमधून मारावीच लागते. म्हणून जुन्या रेडिओवाल्यांचा सल्ला नव्या टिपला लावू नका.)

काळा थर म्हणजे ऑक्साइड. उपाय कल्हईवाल्याचा: भांडं तापवून साफ केलं की ते उघडं ठेवत नाहीत, लगेच कथलाचा हात फिरवतात. टिपचंही तसंच.
१. आयर्न पहिल्यांदा तापत असतानाच टिपवर सोल्डर द्या, थर सगळीकडे बसू द्या.
२. प्रत्येक दोन-तीन जॉइंटनंतर ओल्या स्पंजवर किंवा पितळी तारेच्या घोळीत पुसा.
३. पुसून स्टँडवर ठेवू नका. जॉइंट करायच्या *आधी* पुसा. स्टँडवर ठेवताना टिपवर सोल्डरचा थेंब असू द्या.
४. बंद करण्याआधी ताजं सोल्डर भरपूर लावा आणि तसंच गार होऊ द्या.

स्पंज पिळून घ्या. पाण्याने टपटपणारा असेल तर टिप दरवेळी गार पडते आणि २५ वॅटच्या आयर्नला पुन्हा तापायला वेळ लागतो.

कल्हईची उपमा इथेच थांबवतो. नवसागर बोर्डाजवळ आणू नका. तो फ्लक्स म्हणून झकास काम करतो, पण मागे राहिलेलं क्लोराइड दमट हवेत तांबं खात बसतं. पत्र्याच्या डब्यांना डाग देताना वापरतात ते आम्लही तसंच. इलेक्ट्रॉनिक्सला फक्त रोझिन.

---

म्युनिकचा_मावळा

थोडी भर. युरोपात १ जुलै २००६ पासून विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिसं चालत नाही, त्यामुळे इथल्या दुकानांत शिसेविरहित वायरच पुढे असते. तिला वितळायला २१७ ते २२० अंश लागतात, ६३/३७ ला १८३. स्टेशनवर टिप ३६०-३८० ला ठेवावी लागते, शिशाच्या वायरला ३२०-३४० पुरे. आणि शिसेविरहित जॉइंट चांगला असला तरी मळकट आणि खरखरीत दिसतो. 'चमकला नाही म्हणजे कच्चा' हा नियम तिथे लावून लोक चांगले जॉइंट पुन्हापुन्हा तापवतात आणि पॅड उचकटून बसतात.

शिकताना माझं मत शिशाच्याच बाजूने. पण शिसं विषारी आहे, मग हे कसं सुरक्षित?

---

खटपट्या

या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, अडचण हाताची आहे. वायर धरलेल्या बोटांनी शेंगदाणे खाऊ नका, काम झालं की साबणाने हात धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा. लहान मूल रांगत असेल तर जमिनीवर पडलेले कण वेचून घ्या.

धूर हा रोझिनचा असतो, आणि तो निरुपद्रवी नाही. सतत श्वासात गेला तर दमा जडू शकतो, हे औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात मान्य आहे. खिडकी उघडी ठेवा आणि छोटा पंखा असा लावा की धूर तुमच्यापासून *दूर* ओढला जाईल. डोक्यावरचा छताचा पंखा बंद करा. त्याने धूर तोंडावर येतो आणि जॉइंटही गार पडतो.

पाय कापताना चष्मा घाला, उडालेला तुकडा थेट डोळ्याकडे येतो. कटरच्या दुसऱ्या बाजूला बोट धरून तुकडा पकडला तरी चालतं.

---

नागपूरकर

रेझिस्टरच्या रंगांबद्दल लिहा ना कोणी. निळ्या अंगाच्या १ टक्केवाल्यांवर लाल, नारिंगी आणि तपकिरी एकसारखेच दिसतात.

---

शून्य_व्होल्ट

नागपूरकर, रंग वाचूच नका. प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजून मग लावा. बोर्डात लावल्यावर मोजलं तर बाजूचे पार्ट आड येतात आणि आकडा चुकीचा दिसतो.

या किटमधला सापळा नेमका आहे. चार पट्ट्यांत ४३० के म्हणजे पिवळा-नारिंगी-पिवळा आणि ४३ के म्हणजे पिवळा-नारिंगी-नारिंगी. ट्यूबलाइटच्या उजेडात अदलाबदल झालीच म्हणून समजा.

कपॅसिटरवरचे आकडे: १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. १०३ म्हणजे १० नॅनो, ४७३ म्हणजे ४७ नॅनो. शेवटचा आकडा शून्यं किती ते सांगतो, उत्तर पिकोफॅरडमध्ये. फिल्म आणि सिरॅमिकला दिशा नसते. इलेक्ट्रोलिटिकला असते: लांब पाय अधिक, अंगावरचा पट्टा उणे बाजूचा.

---

सरगम

मी एक बांधला. बायपासमध्ये (पेडल बंद असताना) गिटार स्वच्छ वाजते. पेडल चालू केला की एलईडी लागतो, पण आवाज जवळजवळ नाही, फक्त जोरात छेडल्यावर फाटका खरखराट. वाचनं: पुरवठा ९.१, कलेक्टर ०.५, बेस १.१, एमिटर ०.४. ट्रान्झिस्टर जळला का?

---

शून्य_व्होल्ट

सरगम, वाचनं देऊन विचारलंत, अर्धं काम तुम्हीच केलंत.

बरोबर बांधलेल्या बोर्डवर अंदाजे असं हवं: बेस ०.८ च्या आसपास, एमिटर ०.२, कलेक्टर साडेतीन ते पाच. हिशोब सोपा आहे. ९ व्होल्ट ४३० आणि ४३ मध्ये वाटले की बेसला ०.८ येतात. बेस-एमिटरमधले ०.६ वजा केले की एमिटरवर ०.२. ते ३९० ओहममधून म्हणजे साधारण अर्धा मिलिअँपिअर. तोच प्रवाह १० के मधून गेला की पाचेक व्होल्ट तिथे पडतात, कलेक्टरवर चार उरतात. त्यामुळे सिग्नलला वर आणि खाली दोन्हीकडे हलायला जागा मिळते.

तुमचा कलेक्टर ०.५ ला एमिटरला जाऊन चिकटलाय. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा पडलाय, हलायला जागा नाही. बेसला गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह मिळतोय. ट्रान्झिस्टर बहुतेक ठणठणीत आहे, तुमचे ४३० के आणि ४३ के अदलाबदल झालेत. काढून मोजा.

---

सरगम

हो, अदलाबदलच होती! आता काढताना पॅड उचकटायची भीती वाटते.

---

तांब्याची_तार

मग पार्टवर दया करू नका, बोर्डावर करा. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचा. वरून मधोमध कापा, दोन्ही पाय सुटे करा, मग एकेक पाय चिमट्याने धरून खालून तापवून ओढा. पाय आपोआप निघतो, ओढाताण नाही. तीन पायांच्या ट्रान्झिस्टरलाही हेच.

भोक मोकळं करताना आधी *नवं* सोल्डर थोडं घाला. उलटं वाटतं, पण जुन्या सोल्डरमधला फ्लक्स जळून गेलेला असतो, ताज्यामुळे ते पुन्हा वाहतं. मग पंप. पंपाचं नाक टिपच्या अगदी शेजारी टेकवून दाबा. विक वापरत असाल तर विक पॅडवर ठेवून त्यावर टिप ठेवा, आणि दोन्ही एकदमच उचला. आधी टिप उचलली की विक पॅडला चिकटते आणि ओढताना पॅड घेऊन येते.

पॅड निघालाच तर रडू नका. पार्टचा पाय लांब ठेवून, ट्रॅक पुढे जिथे जातो त्या पॅडपर्यंत वाकवून सोल्डर करा. दिसायला गबाळं, आवाजात काही फरक नाही.

---

पाचवी_फ्रेट

२एन५०८८ मिळाला नाही, दुकानदाराने बीसी ५४७ दिलाय. चालेल?

---

खटपट्या

चालेल, पण उलटा लावा. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर. बीसी ५४७ चे कलेक्टर-बेस-एमिटर. म्हणजे बोर्डावर छापलेल्या अर्धवर्तुळाच्या नेमकं विरुद्ध तोंड करून बसवायचा.

चुकून छापल्याप्रमाणेच लावला तर आवाज अगदी क्षीण येतो आणि कलेक्टरच्या पॅडवर ६ व्होल्टच्या पुढे काहीतरी दिसतं. बेस-एमिटर जंक्शनला उलटं व्होल्टेज फार सोसत नाही, आणि असा थोडा वेळ चाललेला ट्रान्झिस्टर नंतर सुलटा केला तरी खरखर वाढू शकते. पाच रुपयांचा पार्ट आहे, नवाच घाला.

---

नागपूरकर

माझ्या मते लोक बोर्डात कमी अडकतात, फूटस्विचमध्ये जास्त. ते नऊ पाय बघूनच पोटात गोळा येतो.

---

शून्य_व्होल्ट

+१. बोर्डावर १८ जॉइंट, बाहेरही जवळपास तेवढेच, आणि न वाजणाऱ्या पेडलमध्ये दोष बहुतेक वेळा बाहेरच सापडतो.

हा फूटस्विच ३पीडीटी असतो, म्हणजे एका दांड्यावरचे तीन वेगळे स्विच. पायांच्या चपट्या कडा आडव्या दिसतील असा धरा. आता उभे तीन स्तंभ आहेत: पहिला १-२-३, दुसरा ४-५-६, तिसरा ७-८-९, वरून खाली. प्रत्येक स्तंभातला मधला (२, ५, ८) कधी वरच्याला जोडला जातो, कधी खालच्याला. स्विच ९० अंशात फिरवून धरलात तर सगळं वायरिंग बाद. खात्री नसेल तर आधी मल्टिमीटरच्या बीपवर तपासा.

- २ : इनपुट जॅकची टिप (आयर्नची नव्हे, प्लगच्या टोकाला लागणारी जॅकमधली पट्टी)
- ३ : बोर्डचा इनपुट
- ८ : आउटपुट जॅकची टिप
- ९ : बोर्डचा आउटपुट
- ५ : ग्राउंड
- ६ : एलईडीचा उणे पाय
- १ ते ७ : तुकडा वायर
- ३ ते ४ : तुकडा वायर

मधला खाली जोडला की पेडल चालू आणि एलईडी ग्राउंडला. वर जोडला की गिटार १-७ मधून थेट बाहेर, आणि ३-४ च्या तुकड्यामुळे बोर्डचा इनपुट ग्राउंडला बसतो, म्हणजे बंद असतानाही जास्त गेनचा बोर्ड आत बसून चिवचिवत नाही.

एलईडीला ४.७ के मालिकेत. तो विसरलात तर एलईडी एकदाच चमकेल.

सोल्डर करताना: हे पाय प्लॅस्टिकमध्ये रोवलेले असतात. पाच-सहा सेकंद एकाच पायावर टिप ठेवली की प्लॅस्टिक मऊ होतं, पाय सरकतो, आणि आतला संपर्क कायमचा बिघडतो. वायरच्या टोकाला आणि पायाला आधी वेगवेगळं सोल्डर चढवून घ्या, मग दोन्ही टेकवून एका सेकंदात जोडा. शेजारशेजारचे पाय लागोपाठ करू नका, एक इकडचा एक तिकडचा.

---

म्युनिकचा_मावळा

स्विच दाबला की अँपमधून 'ठक्' येतो, तो वायरिंगचा दोष का?

---

खटपट्या

बऱ्याचदा नाही. बायपासमध्ये कपॅसिटरचं बाहेरचं टोक अधांतरी राहिलं की त्यावर हळूहळू व्होल्टेज साठतं, आणि जोडणी होताना ते एकदम निघतं. इनपुटकडून ग्राउंडला १ मेगाओहम लावा, त्याला वाट मिळते. आउटपुटला व्हॉल्यूमचा पॉट ते काम करतोच. स्विच नवा असताना पहिल्या काही दाबांना थोडा ठक् येतो तो वेगळा, तो कमी होतो.

---

सरगम

अडॅप्टर कोणता? राउटरचा जुना पडलाय.

---

तांब्याची_तार

नको! राउटरचा बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची *मधली* पिन अधिक असते. पेडलच्या दुनियेत रिवाज उलटा: ९ व्होल्ट, २.१ मिलिमीटरचा प्लग, मधली पिन उणे. किटमध्ये उलट्या पुरवठ्यापासून बचाव नसेल तर अधिकच्या वायरमध्ये १एन५८१७ डायोड मालिकेत घाला. त्यात पाव-एक व्होल्ट जातो, बूस्टरला तो जाणवत नाही.

आणि जर्मेनियम फझ फेसचं (आवाज फाडणाऱ्या जुन्या पेडलचं) किट पुढे घेणार असाल तर आधीच सांगतो. १९६६ च्या मूळ प्रकारात पीएनपी ट्रान्झिस्टर, म्हणजे ग्राउंडला बॅटरीचा *अधिक*. तो आणि बाकीचे पेडल एकाच अडॅप्टरवरून साखळीने जोडले की सरळ शॉर्ट. त्याला स्वतंत्र बॅटरी द्या. शिवाय जर्मेनियम उष्णतेला हळवं, म्हणून सॉकेट लावा. ट्रान्झिस्टरला आयर्न लागायचंच नाही.

---

पाचवी_फ्रेट

डबा? भोकं?

---

नागपूरकर

किटसोबत बहुधा १५९०बी येतो, ११२ × ६० × ३१ मिलिमीटर. फूटस्विचला १२ मिमी, जॅकला १० मिमी, १६ मिमीच्या पॉटला ७ ते साडेसात. आधी ३ मिमीने पायलट भोक, मग स्टेप ड्रिल. अॅल्युमिनियम मऊ असतं, मोठं बिट थेट लावलं की ते भोक तिकोनी करतं.

पॉट बोर्डालाच सोल्डर होणारे असतील तर आधी पॉट डब्यात बसवा, नट आवळा, मग बोर्ड त्यावर ठेवून सोल्डर करा. टेबलावर नजरेने सरळ लावलेला पॉट भोकात कधी बसत नाही, जबरदस्ती केली की पॅड तुटतो.

---

सरगम

शेवटची अडचण. झाकण उघडं असताना झकास वाजतो, स्क्रू आवळले की गप्प. चार वेळा करून पाहिलं.

---

शून्य_व्होल्ट

काहीतरी डब्याला टेकतंय. या डब्यात दोन नेहमीचे गुन्हेगार. एक, जॅकच्या टिपची पट्टी: प्लग घातला की ती बाहेर ढकलली जाते आणि डब्याच्या भिंतीला किंवा पॉटच्या पाठीला लागते. म्हणून *प्लग घालून* तपासा, रिकाम्या जॅकवर सगळं ठीक दिसतं. दोन, बोर्डाच्या खालच्या बाजूचे न कापलेले पाय झाकणाला टेकतात.

जॅकचा नट सैल करून जॅक थोडा फिरवा, टिपची पट्टी मोकळ्या जागेकडे येऊ द्या. पाय पॅडलगत कापा. पॉटच्या पाठीवर आणि झाकणाच्या आत इन्सुलेशन टेपचा एक पट्टा लावा. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक डब्याला आणि दुसरं स्विचच्या ८ नंबरला लावा, दुसऱ्या माणसाला झाकण दाबायला सांगा. बीप आला की आउटपुट टेकतंय, नाही आला तर २ नंबरवर तेच करा.

---

सरगम

२ नंबरवर बीप. इनपुट जॅकची पट्टी पॉटला लागत होती. जॅक फिरवला, टेप लावली, झाकण लावून वाजतोय.